मा. न्यायमूर्ती, सोफा खंडपीठ, कोथरूड यांस

मा. न्यायमूर्ती आप्पासाहेब,
सोफा खंडपीठ, बी विंग, दुसरा मजला, कोथरूड, पुणे ३८



शनिवारी रात्री क्लबहाउसात तो खुनांवरचा माहितीपट संपला आणि पडद्यावर नावं सरकायला लागायच्या आत आपण निकाल देऊन मोकळे झालात. तिघांना फाशी, एकाला जन्मठेप, बचाव पक्षाच्या वकिलाला "लाज वाटायला पाहिजे" आणि उच्च न्यायालयाला सक्त ताकीद. मधे चहा आला म्हणून कामकाज तेवढं तहकूब झालं होतं, खारी संपल्यावर पुन्हा सुरू झालं. प्रलंबित खटल्यांच्या बातम्या वाचल्या की मला हटकून आपली आठवण येते. शासनाची नजर आपल्यावर अजून कशी पडली नाही, कोण जाणे.

हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण आपलं न्यायदानही उघड असतं. आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येतं.

आपला पुरावा कायदा मी बरीच वर्षं जवळून पाहतोय. आरोपी कॅमेऱ्याकडे बघत नाही, म्हणजे मनात पाप. सरळ बघतो, म्हणजे निर्ढावलेला. २०२४ साली नेटफ्लिक्सवर इंद्राणी मुखर्जीवरची मालिका आली, तेव्हा पहिल्याच भागात आपण म्हणालात, "बाई बघा किती शांत आहे! मुलीच्या खुनाचा आरोप असलेली आई अशी बसते होय?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "रडली असती तर नाटकी म्हणाला असतात." वहिनींचं हे वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात आलं.

ती मालिका दाखवू नये म्हणून सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. खटला अजून चालू आहे, साक्षीदारांवर परिणाम होईल, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली आणि तिच्यात अडवण्याजोगं काही नाही म्हणून परवानगी दिली. चार भाग पाहून त्यांनी एवढंच ठरवलं, की दाखवायला हरकत नाही. तेच चार भाग पाहून आपण खटलाच निकाली काढलात. सेवाज्येष्ठतेत आपण वरचे, हे यावरून उघड आहे.

आपण कायम फाशीच देता असं मात्र मी म्हणणार नाही, तो आपल्यावर अन्याय होईल. दिग्दर्शकानं कॅमेरा आरोपीच्या म्हाताऱ्या आईच्या हातांवर नेला, मागे सारंगी लावली, की आपण निर्दोष मुक्ततेलाही तयार असता. "पोलिसांनी अडकवलंय हो बिचाऱ्याला. चेहराच सांगतोय." गेल्या उन्हाळ्यात एकाच माणसाला आपण दोन वेगवेगळ्या माहितीपटांत एकदा लटकवलंत आणि एकदा सोडलंत. दोन्ही वेळा साक्षीपुरावा तोच होता, वाद्य बदललं होतं.

संकलकानं काय कापलं, ते आपल्याला दिसत नाही. कोर्टात एखादा साक्षीदार उभा राहिला, की समोरच्या बाजूचा वकील त्याला उभा-आडवा सोलतो. पडद्यावरच्या निवृत्त फौजदाराला कोण विचारणार? तो बागेतल्या खुर्चीत बसून सांगतो, "मला तेव्हाच कळलं होतं", आणि आपण मान डोलावता. तेव्हा म्हणजे केव्हा? कशावरून कळलं? स्टेशन डायरीत तशी नोंद केलीत का? नसेल केली, तर इतक्या वर्षांनी आठवण इतकी लख्ख कशी? हे चार प्रश्न विचारायला कोर्टात अर्धा दिवस जातो. आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन भाग होतात.

आणि मग येतं आपलं हुकमी पान, जोशी-अभ्यंकर. विवेक वाघ यांच्या 'जक्कल' या माहितीपटाला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत शोधपर चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, तेव्हापासून तर हा विषय आपल्या तोंडून उतरलेला नाही. "त्या काळी न्याय होता हो! पकडलं आणि लटकवलं." शनिवारी मी गप्प बसलो, कारण खारी आपल्या घरची होती. आता खारी पचली आहे.

३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात संस्कृतचे पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि घरातले आणखी चौघं. त्याआधी जानेवारीत मारेकऱ्यांचा स्वतःचाच वर्गमित्र, आणि पुढे मार्च १९७७ मध्ये आणखी एक ओळखीतलाच तरुण. दहा जीव. आणीबाणीचे दिवस, संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस, ओळखीच्या आवाजालाही कोणी दार उघडेना. ज्यांनी हे केलं ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा. शहर कड्या लावून बसलं होतं आणि हे त्याच शहरात वावरत होते.

त्या दिवसांत आपलं खंडपीठ बसलं असतं तर ही नावं संशयितांच्या यादीत शंभरावी तरी आली असती का? आपली यादी मला पाठ आहे. आधी गुरखा, मग मोलकरीण, मग पलीकडची वस्ती, मग 'बाहेरून आलेले'. अभ्यंकरांच्या घरी काम करणारी साठीची बाई मालकांबरोबर त्याच रात्री मारली गेली, पण आपण तिला पहिल्या फेरीत तरी सोडलं नसतंत.

मार्च १९७७ मध्ये बंडगार्डनला पाण्यातून शेवटचा मृतदेह वर आला आणि पोलिसांपुढे या टोळक्याच्या जबाबांचा मेळ बसेना. मग त्यांच्यातलाच एकजण माफीचा साक्षीदार झाला. आपल्याकडे एवढ्यावर काम आटोपलं असतं. कायदा मात्र माफीच्या साक्षीदाराकडे चांगल्या नजरेनं बघत नाही. स्वतःची मान सोडवायला बोलणारा माणूस तो, त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या मुद्द्यांवर बाहेरून पुष्टी लागते. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर कोर्टात उभीच राहत नाही. आरोपीनं सांगितल्यामुळे जी वस्तू सापडली, तेवढ्यापुरतं त्याचं सांगणं चालतं. म्हणून पेशवे पार्कच्या तळ्यातून ते लोखंडी पिंप बाहेर काढावं लागलं, ज्यात पहिल्या मुलाचा मृतदेह घालून बुडवला होता. कोणी नुसतं 'तळ्यात टाकला' म्हणाल्यानं भागलं नाही.

१५ मे १९७८ ला खटला उभा राहिला. चार महिन्यांहून जास्त चालला. २८ सप्टेंबरला न्या. वा. ना. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. मग उच्च न्यायालय, एप्रिल १९७९. मग सर्वोच्च न्यायालय, नोव्हेंबर १९८०. मग दयेचे अर्ज. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी. आपलं 'पकडलं' आणि आपलं 'लटकवलं' यांच्यामध्ये साडेसहा वर्षांहून जास्त काळ गेलाय, आप्पासाहेब. त्या चौघांना वकील मिळाला, त्यांच्या बाजूनं बोललं गेलं, साक्षीदार तपासले गेले, आणि म्हणूनच आज पन्नास वर्षांनीही कोणी म्हणत नाही की भलत्यालाच धरलं. आपण ज्याला वेळकाढूपणा म्हणता, त्याच्यामुळेच तो निकाल आपल्याला इतक्या निर्धास्तपणे मिरवता येतो.

तो माफीचा साक्षीदार सध्या कुठे राहतो याचा शोध आपण फेसबुकवर घेत होतात, असं चिरंजीवांकडून कळलं. तपास यंत्रणाही आपणच, हे माहीत नव्हतं. कामाचा ताण असेल, तब्येतीला जपा.

आता आपल्या घरापासून जवळचा एक खटला. आपल्या यादीत तो कधी येत नाही, म्हणून मुद्दाम आठवण करून देतो.

२६ ऑगस्ट १९९४. पौड फाट्याजवळची शीलाविहार कॉलनी. राठींच्या घरात पाच बायका आणि दोन मुलं भरदिवसा मारली गेली. त्यातली एक गरोदर होती. त्या आठवड्यात कोथरूडमध्ये शेजारणी एकमेकींकडे बसून राहायच्या. आपणही तेव्हा इथेच होतात. तीन तरुण पकडले गेले, एकजण माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी दिली. उच्च न्यायालयानं ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं २००० साली कायम केली, पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला. आपल्या भाषेत, सगळ्या पायऱ्या झाल्या. आणखी काय पाहिजे?

दोघांपैकी एक नारायण चौधरी. कागदोपत्री वय विशी ओलांडलेलं. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या जलबसर गावच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र त्याचं नाव होतं निरानाराम, आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. बेरीज आपणच करा. खुनांच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. सत्र न्यायालयात, उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात, कुठेही ते रजिस्टर कोणी उघडलं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितली, त्यांनी कागद तपासले, शाळेची नोंद खरी निघाली. २७ मार्च २०२३ ला त्याला सोडण्याचा हुकूम झाला. बाल न्याय कायद्यानं त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. हा अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. आत बसून एम. ए. झाला.

बारा वर्षांचं पोर असं क्रौर्य करू शकतं का, हा विचार न्यायमूर्तींनाही हादरवून गेला, निकालात तसं लिहिलंय. पण असल्या अंदाजांनी निवाडा गढूळ होऊ द्यायचा नाही, असंही त्याच ठिकाणी लिहिलंय. राठींच्या घरच्यांना तो निकाल वाचून काय वाटलं असेल, हे लिहायची माझी प्राज्ञा नाही. सात माणसं गेली, ती कुठल्याही रजिस्टरानं परत येत नाहीत. पण आपण तो निकाल वाचला होतात का? नाही. आपण त्याची बातमी वाचलीत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलंत, "देव या देशाचं भलं करो."

आता मजा बघा. जिथे वकील आहेत, साक्षी आहेत, अपिलं आहेत, जिथे एकाच्या चुकीवर दुसरा नजर ठेवतो, त्या व्यवस्थेला एका मुलाचं वय कळायला पाव शतक लागलं. आणि आपल्याला त्यातल्याच पायऱ्या कमी करायच्या आहेत.

आपण म्हणाल, तुम्हाला आरोपींचाच पुळका. मग नाशिकची गोष्ट ऐका. २००३ साली तिथे एका शेतावरच्या झोपडीत दरोडा, खून, बलात्कार झाला. सहाजणांना धरलं. भटक्या जमातीतली, मोलमजुरी करणारी माणसं. खालच्या न्यायालयात फाशी झाली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. पुढे ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. कारण काय? त्या रात्रीतून वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीलाच चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्या मागे कोणी गेलंच नाही. सहा निरपराध आत होते, याचा दुसरा अर्थ असा, की ज्यांनी केलं ते बाहेर होते. सोळा वर्षं. पीडितांचा कळवळा असलेल्या आपल्यासारख्या न्यायमूर्तींना ही गोष्ट जास्त टोचायला हवी.

एका ठिकाणी मी आपल्याला सलाम करतो, आणि तो खोचक नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात त्या पोर्शेनं दोघांना उडवलं, आणि ती चालवणाऱ्या बिल्डरच्या सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याच दिवशी जामीन मिळाला, तेव्हा आपण जे ओरडलात ते बरं केलंत. सगळं शहर ओरडलं. आरडाओरडा झाला नसता तर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांपर्यंत पोलीस पोचले असते की नाही, मला शंका आहे. तपास नीट करा, सगळ्यांना एकच नियम लावा, असं ओरडणं हे नागरिकाचंच काम आहे. पण दोन दिवसांत आपली गाडी तिथून पुढे सरकली. "वय कसलं बघता? गुन्हा बघा, गुन्हा!" त्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही मागणी बाल न्याय मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली, त्या संध्याकाळी आपला आवाज ए विंगच्या जिन्यात घुमत होता. वय न बघता गुन्हा बघितला की काय होतं, त्याचा नमुना आपल्याच पौड फाट्यावरचा आहे. फरक इतकाच, की त्या पोराचा बाप बिल्डर नव्हता, त्यामुळे त्याचं वय त्या दिवशी सकाळी नऊ वाजता कोणी कोर्टापुढे ठेवलं नाही.

आणि उशीर. उशिराबद्दल आपण कोर्टाला जे बोलता, त्यातलं थोडं मंत्रालयालाही बोला. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या मुलीचा कंपनीच्याच गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं केलेला बलात्कार आणि खून आपल्याला आठवत असेल. दोघांना फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला. आणि मग फाशीची तारीख उजाडायला २०१९ चा जून यावा लागला. मधल्या काळात कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिले. त्या दिरंगाईपायी उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. शिव्या न्यायाधीशांनी खाल्ल्या. फाईल ज्यांच्या टेबलावर झोपली होती, त्यांच्यावर अजून कोणी माहितीपट काढलेला नाही. काढला तरी आपण पाहणार नाही म्हणा, त्यात रक्त नसेल.

असो. आता मूळ आरोपाकडे येतो. वर लिहिलं ते सगळं मी माफ केलं असतं.

काही वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची तांब्याची वायर चोरीला गेली, आठवतंय? भंगारवाल्याकडे माल सापडला, एक मुलगा पकडला गेला. हवालदार दोन पंच शोधत आले. आधी आपल्या दारात आले, कारण खाली जमलेल्या लोकांत सगळ्यात मोठ्यानं आपण बोलत होतात. वहिनींनी दार अर्धवट उघडून सांगितलं, साहेब आंघोळीला गेलेत. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मग मी गेलो.

पुढे समन्स आलं. शिवाजीनगरला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट, बाहेरच्या बाकावर दोन तारखा नुसत्या बसून काढल्या, तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. मुलाच्या बाजूनं एक वकीलबाई होत्या, विनामूल्य कायदेशीर मदतीतून दिलेल्या, पंचविशीच्या असतील. आवाज चढवला नाही, बोट रोखलं नाही. "पोतं तुमच्यासमोर शिवलं?" हो. "सुतळीवर लाखेचं सील तुमच्यासमोर लावलं?" नाही, पाहिलं नाही. "मग सील लागलेलं तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?" आत्ता, इथे. "लेबलवर ही सही तुमचीच?" माझीच. "कुठे केलीत?" चौकीत. "कधी?" दुसऱ्या दिवशी सकाळी. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि स्टेनोला ते वाक्य पुन्हा नीट सांगितलं. सरकारी वकील खिडकीकडे बघत राहिले. ती वायर त्या रात्री नक्की कुठे होती, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो, आणि इतर कोणाला सांगता आलं नाही.

मुलगा सुटला. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये आपण मला म्हणालात, "तुमच्यामुळे चोर सुटला."

त्यानं वायर चोरली होती की नाही, मला खरंच ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक होतं, आणि तेही आंघोळीतून. मग त्या बाकावर येऊन बसायला काय झालं होतं? पंचनामा करणारे पोलीस घाई करतात, पंच म्हणून चहाच्या टपरीवरचा नेहमीचा माणूस उभा करतात, साक्षीदार तारखा बघून कंटाळतात आणि गुन्हेगार सुटतात, ही आपलीच तक्रार आहे. मग पंच आणायचे कुठून? फाशी द्यायला अख्खं क्लबहाउस भरतं, आणि एका पोत्यावर सही करायला बी विंगमधून एक माणूस मिळत नाही.

तर कळवायचं एवढंच, की काल रात्री तळमजल्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाचं शटर कोणीतरी उचकटलंय. हवालदार पुन्हा दोन पंच शोधतायत. मी माझं नाव दिलंय आणि दुसरं आपलं सुचवलंय, फ्लॅट नंबर आणि मोबाइलसकट. उद्या सकाळी साडेआठला येणार आहेत. आंघोळ तेवढी लवकर उरकून घ्या.

कळावे, लोभ आहे तो वाढू नये अशी मुळीच इच्छा नाही.

आपला,
पंच क्र. १, ए विंग

ता. क. लाख वितळवून सील लावेपर्यंत तिथेच उभं राहायचं असतं. घरी मालिका चालू ठेवून येऊ नका.